आकडा सारखा, इजा वेगळी

रक्तदाबाचे यंत्र एकच गोष्ट सांगते: रक्त रोहिणीच्या भिंतीवर किती जोराने दाबते आहे. हा जोर कुठून आला, ते यंत्राला कळत नाही. वयाबरोबर कडक होत गेलेल्या रोहिण्या, आजारी मूत्रपिंड, वाढलेले वजन, खाण्यातले मीठ, अशी कितीतरी कारणे असतात. मूत्रपिंडाच्या माथ्यावरची अधिवृक्क ग्रंथी एखादे हार्मोन गरजेपेक्षा जास्त सोडू लागली तरीही दाब चढतो. यंत्रावर मात्र सगळ्यांचा आकडा सारखाच दिसतो, आणि रुग्णाची समजूतही तशीच होते: बीपी म्हणजे बीपी, एकदा उतरले की झाले.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या समजुतीला धक्का देतो. त्यांनी अल्डोस्टेरोन हे हार्मोन जास्त झाल्यामुळे रक्तदाब वाढलेले १२४ रुग्ण घेतले. त्यांच्या तुलनेला वय, लिंग आणि रक्तदाब त्यांच्याशी जुळणारे ४६५ रुग्ण घेतले. या दुसऱ्या गटात रक्तदाबाला असे एखादे ठळक कारण नव्हते. दोन्ही गटांचा दाब सारखा, म्हणजे नुकसानही सारखेच असायला हवे होते. प्रत्यक्षात अल्डोस्टेरोनच्या गटात १२.९ टक्के रुग्णांना पक्षाघात होऊन गेला होता, दुसऱ्या गटात ३.४ टक्क्यांना. हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण ४ टक्के विरुद्ध ०.६ टक्के निघाले, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे ७.३ टक्के विरुद्ध ०.६ टक्के.

दाब तोच असताना इजा इतकी जास्त कशी? हे हार्मोन दाब वाढवण्यापलीकडे आणखी काहीतरी करत असले पाहिजे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाची जी उत्तरे पुढे आली, त्यांतले एक महत्त्वाचे उत्तर आपण श्वासातून घेतो त्या ऑक्सिजनपाशी जाऊन पोचते.

मूत्रपिंडापासून सुरू होणारी साखळी

स्टॉकहोममध्ये १८९८ साली रॉबर्ट टायगरश्टेट आणि त्याचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून दुसऱ्या सशाला टोचला. सशाचा रक्तदाब चढला. अर्कातल्या त्या पदार्थाला त्यांनी रेनिन म्हटले. या शोधाकडे पुढची बरीच वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रोहिणीला चिमटा लावून रक्तप्रवाह कमी केला आणि रक्तदाब वाढून टिकून राहिला, तेव्हा रेनिनची आठवण पुन्हा निघाली. १९३९-४० च्या सुमारास अर्जेंटिनात ब्राउन-मेनेंडेझ यांच्या आणि अमेरिकेत आयर्विन पेज यांच्या गटाने, एकमेकांना नकळत, साखळीची पुढची कडी शोधली. तिचे आजचे नाव अँजिओटेन्सिन.

ही साखळी मुळात संकटकाळासाठी आहे. रक्तस्राव झाला, जुलाबांनी अंगातले पाणी गेले, मूत्रपिंडाकडे पुरेसे रक्त येईनासे झाले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन पाडते, तो अँजिओटेन्सिन-१. मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत असलेले एसीई हे एन्झाइम त्याला आणखी छाटते आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होते. साखळीतला खरा बलवान रेणू हाच. तो रोहिण्या आकसून टाकतो, तहान लावतो आणि अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरोन सोडायला लावतो. अल्डोस्टेरोन मूत्रपिंडाला सांगते: सोडियम धरून ठेव, पोटॅशियम जाऊ दे. सोडियमपाठोपाठ पाणी थांबते आणि दाब सावरतो. जखमी माणसाचा जीव वाचवणारी ही व्यवस्था संकट नसतानाही चालूच राहिली, तर तीच आजाराचे कारण बनते.

अल्डोस्टेरोन १९५३ मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांच्या साथीने वेगळे केले. त्यानंतर लगेचच मिशिगनमधले जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक रुग्ण आली. तिला स्नायूंची कमजोरी होती, पेटके येत होते, रक्तदाब जास्त होता आणि रक्तातले पोटॅशियम फारच कमी होते. कॉन यांनी अधिवृक्क ग्रंथीवर संशय धरला. शस्त्रक्रियेत तिथे गाठ सापडली, ती काढली आणि रुग्ण बरी झाली. १९५५ मध्ये कॉन यांनी या आजाराचे वर्णन छापले, म्हणून त्याला कॉन सिंड्रोम म्हणतात. तो फार दुर्मिळ आहे असे दीर्घकाळ मानले जात असे. आज अंदाज असा, की रक्तदाबाच्या रुग्णांपैकी निदान ५ ते १० टक्क्यांमागे अल्डोस्टेरोनचा अतिरेक असतो, आणि तीन-तीन औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते.

या इतिहासातून या हार्मोन-साखळीचे दोन उद्योग कळले: रोहिणी आवळणे आणि मीठ-पाणी अडवणे. तिसरा उद्योग लक्षात यायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले.

ऑक्सिजनचा वाभरट भाऊ

आपण घेतलेला बहुतेक ऑक्सिजन पेशींमध्ये शिस्तीत वापरला जातो आणि त्याचे पाणी होते. काही रेणूंना मात्र वाटेत एकच जादा इलेक्ट्रॉन चिकटतो. असा रेणू म्हणजे सुपरऑक्साइड. तो फार काळ टिकत नाही, पण आहे तेवढ्या वेळात जे समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करायला धावतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याला निकामी करणारे एन्झाइम शोधले, ते सुपरऑक्साइड डिसम्युटेझ. एखाद्या गोष्टीच्या बंदोबस्तासाठी शरीर इतके तरबेज एन्झाइम बाळगते, म्हणजे ती गोष्ट शरीरात रोज तयार होत असणार, हे तेव्हा स्पष्ट झाले. अशा रेणूंची निर्मिती आणि त्यांचा बंदोबस्त यांचा तोल निर्मितीच्या बाजूने ढळला, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

सुपरऑक्साइड नेहमीच चुकून तयार होतो असे नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तो मुद्दाम बनवतात आणि त्याच्या जोरावर जंतू मारतात. त्यासाठी त्यांच्याकडे एनएडीपीएच ऑक्सिडेझ नावाचे एन्झाइम असते. या एन्झाइमचे दुसरे काहीच काम नाही. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणे एवढाच त्याचा धंदा. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना मिळून नॉक्स म्हणतात.

दुसरीकडे रोहिण्यांवरच्या संशोधनात एक वेगळेच कोडे सुटत होते. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले, की ॲसिटिलकोलिन हे रसायन दिल्यावर रोहिणी सैल पडते, पण तिचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडले गेले, तर तीच रोहिणी सैल पडत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघून स्नायूंना सैल व्हायला सांगते. हे काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू. या शोधमालिकेसाठी फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले.

दोन्ही कथा १९८६ मध्ये एकत्र आल्या. अस्तरातून निघणारा तो सैल करणारा पदार्थ सुपरऑक्साइड नष्ट करतो, हे त्या वर्षी स्वतंत्र प्रयोगांतून दिसले. या दोन रेणूंची गाठ पडली, की ती अभिक्रिया जवळपास निसर्गात शक्य असलेल्या कमाल वेगाने होते. डिसम्युटेझसारखे चपळ एन्झाइमही सुपरऑक्साइडला पकडते त्यापेक्षा नायट्रिक ऑक्साइड त्याच्यावर सुमारे तिप्पट वेगाने झडप घालते. यात नुकसान दुहेरी. रोहिणी सैल ठेवणारा वायू संपतो, आणि त्या जागी पेरॉक्सिनायट्राइट हा आणखी विध्वंसक रेणू जन्माला येतो. १९९० मध्ये जोसेफ बेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूकडे लक्ष वेधले.

प्रश्न उरला तो असा: रोहिणीच्या भिंतीत इतका सुपरऑक्साइड येतो कुठून?

अटलांटामधले उंदीर

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कॅथी ग्रीन्डलिंग यांच्या गटाने १९९४ मध्ये याचे उत्तर दिले. रोहिणीच्या स्नायूपेशींवर त्यांनी अँजिओटेन्सिन-२ सोडले आणि त्या पेशी सुपरऑक्साइड बनवू लागल्या. वापरले जात होते ते पांढऱ्या पेशींतल्या एन्झाइमचेच भावंड. जंतू मारण्याचे शस्त्र रोहिणीच्या भिंतीतही होते, आणि त्याचा चाप हार्मोनच्या हाती होता.

त्याच विद्यापीठात दोन वर्षांनी संजय राजगोपालन, डेव्हिड हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर या विषयाचा पाया ठरला. त्यांनी काही उंदरांना अँजिओटेन्सिन-२ सतत दिले, काहींना नॉरॲड्रेनॅलिन. दोन्ही हार्मोनच. दोन्हींमुळे रक्तदाब सारखाच चढला. मग त्यांच्या रोहिण्या तपासल्या. अँजिओटेन्सिनच्या उंदरांत सुपरऑक्साइडची निर्मिती जवळपास दुप्पट झाली होती आणि रोहिण्या सैल पडायला कुचराई करत होत्या. नॉरॲड्रेनॅलिनच्या उंदरांत यातले काहीच नव्हते. म्हणजे सुपरऑक्साइड वाढला तो दाबामुळे नव्हे, त्या विशिष्ट हार्मोनमुळे. १९९७ मध्ये याच गटाने सूक्ष्म मेदकोशांत भरलेले डिसम्युटेझ दोन्ही प्रकारच्या उंदरांना टोचले. अँजिओटेन्सिनवाल्या उंदरांचा दाब उतरला, नॉरॲड्रेनॅलिनवाल्यांचा जिथल्या तिथे राहिला. सारख्या आकड्यामागे दोन वेगळे आजार असू शकतात, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

पुढे तपशील भरत गेले. अँजिओटेन्सिन-२ पेशीवरच्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते. आत निरोप जातो. नॉक्स एन्झाइमचे सुटे भाग एकत्र येतात आणि सुपरऑक्साइड सुरू होतो. यातला एक भाग जनुकबदलाने काढून टाकलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन दिले, तर त्यांचा दाब नेहमीइतका चढत नाही. अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा मदतनीस रेणू लागतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये हा मदतनीस खराब होतो, आणि मग तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड बनवू लागते. रक्षकच चोराला सामील होतो म्हणा ना. इथून पुढे हे चक्र आपल्याच बळावर फिरते.

सुपरऑक्साइडपासून तयार होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड तुलनेने टिकाऊ असतो. तो पेशींना वाढीचे निरोप देतो, त्यामुळे रोहिणीची भिंत जाड आणि कडक होते. मूत्रपिंडात सुपरऑक्साइड वाढला, की सोडियम बाहेर टाकण्याचे काम मंदावते. मेंदूत रक्तदाबाचे नियंत्रण करणाऱ्या भागात तो वाढला, की मज्जासंस्थेचा जोर वाढतो. २००७ मध्ये हॅरिसन यांच्याच गटाने दाखवले, की लिंफोसाइट पेशी नसलेल्या उंदरांत अँजिओटेन्सिनमुळे होणारी दाबवाढ बोथट होते आणि त्यांतल्या टी-पेशी परत दिल्या की पूर्ववत होते. म्हणजे रोगप्रतिकारक शक्तीही यात ओढली जाते.

अल्डोस्टेरोनही नॉक्सला चेतवते. शिवाय बॉस्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की ते रोहिणीच्या पेशींतले जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी करते. ऑक्सिडेशनविरुद्धचा पेशीचा बचाव या एन्झाइमवर उभा असतो. एका बाजूने मारा वाढला, दुसऱ्या बाजूने ढाल पातळ झाली. फ्रान्समधल्या त्या रुग्णांना जास्त इजा का झाली असेल, याचा मोठा भाग इथे सापडतो. पोटॅशियमची घट आणि हृदयाच्या स्नायूवर होणारा हार्मोनचा थेट परिणाम हे बाकीचे भाग.

माणसांत काय दिसते?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नॉक्सचा पाचवा प्रकार माणसाच्या रोहिण्यांत आहे, उंदरांत त्याचे जनुकच नाही. त्यामुळे माणसांतला पुरावा वेगळा शोधावा लागतो. तो तीन ठिकाणी चांगला मिळतो.

पहिला जपानमधल्या हिरोशिमातून, २००२ सालचा. मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाल्यामुळे रेनिन वाढलेले, म्हणजे गोल्डब्लाटच्या कुत्र्यांसारखी स्थिती झालेले रुग्ण डॉक्टरांनी तपासले. त्यांच्या शरीरात ऑक्सिडेशनच्या खुणा वाढलेल्या होत्या आणि हाताच्या रोहिण्या नीट सैल पडत नव्हत्या. फुग्याने अरुंद जागा रुंद केल्यावर दाब उतरला, ऑक्सिडेशनच्या खुणा कमी झाल्या आणि रोहिण्यांची लवचीकता सुधारली. कारण काढले, तसा परिणाम गेला.

दुसरा पुरावा एका दुर्मिळ आनुवंशिक आजारातला. काही जणांमध्ये पांढऱ्या पेशींतले नॉक्स जन्मतःच निकामी असते. असे रुग्ण वारंवार गंभीर जंतुसंसर्गाने आजारी पडतात. इटलीतल्या संशोधकांना २००९ मध्ये दिसले, की अशा रुग्णांच्या रोहिण्या निरोगी माणसांपेक्षाही चांगल्या विस्तारतात.

तिसरा पुरावा पादुआच्या लोरेन्झो कालो यांनी वर्षानुवर्षे अभ्यासलेल्या रुग्णांचा. बार्टर आणि गिटेलमन या आजारांत मूत्रपिंडातून मीठ सतत निसटत राहते. त्यामुळे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरोन दोन्ही वाढलेले असतात, पण रक्तदाब कमी किंवा सामान्य असतो. या रुग्णांच्या पेशींत अँजिओटेन्सिनचा निरोप पुढे पोचत नाही आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही कमी आढळतो. हार्मोन भरपूर आहे; पण त्याची ही वाट बंद असली, तर इजा होत नाही.

एवढे असूनही माणसाच्या सर्वसाधारण रक्तदाबाचे मूळ कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच, असे म्हणता येणार नाही. तो बऱ्याचदा परिणाम म्हणून येतो आणि मग स्वतःच कारण बनून आजार पुढे रेटतो.

मिठाची साथ

दक्षिण व्हेनेझुएला आणि उत्तर ब्राझीलच्या जंगलात राहणारे यानोमामी लोक अन्नात मीठ घालत नाहीत. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या लघवीत सोडियम जवळजवळ नव्हते, आणि असलेले मीठ राखण्यासाठी शरीर अल्डोस्टेरोन भरपूर बनवत होते. तरी त्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नव्हता. १९८८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांची सरासरी ९५ वर ६१ च्या आसपास भरली. प्रयोगशाळेतल्या उंदरांतही हेच दिसते: अल्डोस्टेरोनला मिठाची जोड मिळाली, की हृदय आणि मूत्रपिंड होरपळतात, मीठ काढून घेतले, की तेच हार्मोन पुष्कळसे निरुपद्रवी राहते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, पाव, खारवलेली मासळी हे सगळे आले. अल्डोस्टेरोन जास्त असलेल्या माणसाला हा नियम इतरांहून जास्त लागू पडतो.

आपल्या घरातली आणखी एक वस्तू इथे सांगायला हवी: ज्येष्ठमध. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या हार्मोनला अल्डोस्टेरोनच्या ग्राहीपासून दूर ठेवणारे एक एन्झाइम असते. ज्येष्ठमधातला ग्लिसरायझिन हा गोड घटक त्याला बंद पाडतो. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरोनची भूमिका वठवू लागते: मीठ साठते, पोटॅशियम जाते, दाब चढतो. खोकल्यात चार दिवस काडी चघळल्याने बहुतेकांचे काही बिघडत नाही. पण रक्तदाबाच्या रुग्णाने महिनोन्‌महिने रोज ज्येष्ठमधाचा काढा किंवा चूर्ण घेणे बरे नव्हे, आणि घेत असल्यास डॉक्टरांना सांगायलाच हवे.

व्हिटॅमिन का हरले?

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल, की मग अँटिऑक्सिडंट घ्यावेत, प्रश्न मिटला. वैज्ञानिकांनाही वाटले होते. मूळचे केरळचे आणि कॅनडात स्थायिक झालेले डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली १९ देशांत ‘होप’ ही मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांना त्यात दोन गोष्टी स्वतंत्रपणे देऊन पाहिल्या: व्हिटॅमिन ई, आणि एसीईला अडवून अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ न देणारे रामिप्रिल. निकाल जानेवारी २००० मध्ये आले. रामिप्रिलने हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारा मृत्यू, झटका आणि पक्षाघात यांचा एकत्रित धोका २२ टक्क्यांनी कमी केला. व्हिटॅमिन ईने काहीच केले नाही. या तिन्हींचे एकत्रित प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १६.२ टक्के, न घेणाऱ्यांत १५.५ टक्के. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन पाच वर्षे देऊन पाहिले, २००२ मध्ये त्याचाही निकाल शून्यच आला. होपमधल्या लोकांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला, तेव्हा व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण उलट थोडे वाढलेले दिसले.

कारण रसायनशास्त्रातच आहे. व्हिटॅमिन सी सुपरऑक्साइडला पकडते, पण नायट्रिक ऑक्साइडच्या तुलनेत हजारो पटींनी हळू. शर्यत जिंकायला रक्तात त्याचे जेवढे प्रमाण लागेल, तेवढे गोळ्या खाऊन गाठताच येत नाही. हिरोशिमाच्या रुग्णांना ते थेट रोहिणीत सोडल्यावर फरक पडला, तो म्हणूनच. व्हिटॅमिन ई पेशीच्या स्निग्ध आवरणात बसलेले असते. मारामारी दुसरीकडे चाललेली असते. हायड्रोजन पेरॉक्साइडवर तर दोघांचाही फारसा इलाज चालत नाही. आणि हे रेणू केवळ शत्रू नाहीत. जंतू मारायला, पेशींमध्ये निरोप पोचवायला ते थोड्या प्रमाणात लागतातच, सरसकट पुसून टाकण्यात शहाणपण नाही. हार्मोनचा जोर तसाच ठेवून व्हिटॅमिन खाणे, हे चुलीत ओले लाकूड सारत राहून धूर पदराने वारण्यासारखे आहे.

लाकूड बाहेर ओढणारी औषधे आपल्याकडे आहेत, फक्त त्यांना कोणी अँटिऑक्सिडंट म्हणत नाही. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरील सेर्जिओ फेरेरा यांच्या संशोधनातून पुढे कॅप्टोप्रिल आले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रामिप्रिल, एनालाप्रिल ही त्याच कुळातली. लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे अँजिओटेन्सिनची ग्राही अडवतात, म्हणजे नॉक्सपर्यंत निरोपच जात नाही. २००२ च्या ‘लाइफ’ चाचणीत ९,१९३ रुग्णांना लोसार्टन किंवा ॲटेनोलॉल हे वेगळ्या कुळातले रक्तदाबाचे औषध दिले. दोन्ही गटांत दाब जवळपास सारखाच उतरला, पण लोसार्टनच्या गटात पक्षाघात २५ टक्क्यांनी कमी झाले. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध अल्डोस्टेरोनची ग्राही अडवते. तीन औषधांनी न उतरलेल्या रक्तदाबावर चौथे म्हणून कोणते द्यावे, याची तुलना करणाऱ्या २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत ते सर्वांत प्रभावी ठरले.

ही औषधे महाग किंवा दुर्मिळ नाहीत. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात सरकारी आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या औषधांमध्ये टेल्मिसार्टन आहे. आपल्या घरातल्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या डबीत ती गोळी आजही असेल. दाब उतरवण्याबरोबरच ती रोहिणीच्या भिंतीतल्या या रासायनिक चकमकीलाही आवर घालते, त्यामुळे ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून ती मनाने बंद करणे दुहेरी तोट्याचे.

रुग्णाने काय विचारावे?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणाऱ्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नयेत; रक्तदाबाचे उपचार तिच्यावर ठरत नाहीत. त्यापेक्षा अल्डोस्टेरोन आणि रेनिन यांची तपासणी उपयोगाची. मूत्रल गोळी धरून तीन औषधांनी दाब आटोक्यात येत नसेल, रक्तातले पोटॅशियम कमी असेल, झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल, अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसली असेल, किंवा घरात कोणाला तरुणपणी पक्षाघात झाला असेल, तर ही तपासणी करावी का, असे डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर रक्तदाबाच्या सगळ्याच रुग्णांत ती सुचवली आहे. अतिरेक एकाच ग्रंथीतून होत असेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि अनेकांच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या सुटतात. दोन्ही ग्रंथींतून होत असेल, तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा त्याच प्रकारचे एप्लेरेनोन असतेच.

काही खबरदारी मात्र हवी. प्रिल आणि सार्टन कुळातली औषधे गरोदरपणात घ्यायची नसतात. ही किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन वेळोवेळी तपासावे, आणि बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांत छाती दुखू किंवा फुगू लागली, तर ते सांगावे. पर्याय उपलब्ध आहेत.

फळे आणि भाज्या जरूर खाव्यात, त्या अन्न म्हणून हव्यातच. पण अँटिऑक्सिडंट कॅप्सूलच्या बाटलीवर खर्च करण्यापूर्वी तेच पैसे पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि गरज असेल तर अल्डोस्टेरोन-रेनिनच्या तपासणीवर खर्च करा, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका.